मुरमांचे मलम : किती, केव्हा आणि कसे?

"डॉक्टर, तुमच्या औषधाने पोरीचा चेहरा भाजला बघा." दवाखान्यात शिरता शिरताच आई म्हणाली. मागे ओढणीने तोंड झाकून मुलगी उभी. ओढणी बाजूला केली तर गाल लालभडक, नाकाच्या कडेची कातडी सोललेली, ओठांचे कोपरे फाटलेले. साखरपुडा तीन आठवड्यांवर आलेला.

दहा दिवसांपूर्वी मीच तिला मुरमांसाठी ट्रेटिनॉइनचे मलम लिहून दिले होते. "कसे लावतेस?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "सकाळी, दुपारी आणि रात्री. मोठ्या मुरमांवर जाड थर देते. शिवाय रोज लिंबू चोळते." वीस ग्रॅमची ट्यूब संपत आली होती. नीट वापरली असती तर ती दोन महिने पुरली असती.

चूक तिची नव्हती. माझ्या चिठ्ठीवर फक्त "रात्री चेहऱ्यावर लावणे" एवढेच होते. बाहेर बाकावर रुग्णांची गर्दी होती, म्हणून समजावून सांगण्याची पाच मिनिटे मी वाचवली. एकदा लावून गुण येतो तर तीनदा लावून लवकर येईल, असे त्या बिचारीला वाटले. ती पाच मिनिटे आज वाचकांसाठी खर्च करतो.

हे मलम करते काय?

आपल्या त्वचेत तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरातील संप्रेरके वाढली की या ग्रंथी जास्त तेल तयार करू लागतात. त्वचेच्या मृत पेशी आणि हे तेल मिळून केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक छिद्राला बूच बसते. आत जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. हाच मुरूम.

ट्रेटिनॉइन आणि अ‍ॅडापलीन ही औषधे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातली. ती छिद्रात बूच बसू देत नाहीत. म्हणजे आज दिसणाऱ्या मुरमापेक्षा पुढच्या महिन्यात येऊ घातलेल्या मुरमावर त्यांचे काम अधिक. म्हणूनच नुसत्या फोडावर ठिपका देऊन भागत नाही. मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर द्यावा लागतो. जाड थराने गुण वाढत नाही, फक्त जळजळ वाढते.

लावण्याची रीत

रात्री झोपण्यापूर्वी सौम्य साबणाने चेहरा धुवा. टॉवेलने घासू नका, अलगद टिपा. ओल्या त्वचेवर मलम झोंबते, म्हणून वीस ते तीस मिनिटे थांबा. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढे मलम बोटावर घ्या. एवढे साऱ्या चेहऱ्याला पुरते. कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी यांवर एकेक ठिपका द्या आणि हलक्या हाताने पसरा. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांना लावू नका. नंतर हात धुवा.

पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोन किंवा तीनच रात्री लावा. सोसले तर एक दिवसाआड, आणि मग रोज रात्री. ट्रेटिनॉइन ०.०२५ आणि ०.०५ टक्के अशा निरनिराळ्या ताकदीचे मिळते. सुरुवात सहसा कमी ताकदीच्या मलमाने करतात. मैत्रिणीची ट्यूब उसनी घेऊ नका. तिची ताकद तुमच्यापेक्षा वेगळी असू शकते.

त्वचा कोरडी पडत असेल तर साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावा. फारच झोंबत असेल तर आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर मलम लावले तरी चालते. लिंबू, बेकिंग सोडा, खरखरीत स्क्रब, ब्लीच हे सारे बंद ठेवा. मलम चालू असताना चेहऱ्याला वॅक्सिंग करू नका, कातडी निघून येते. डॉक्टरांनी बेन्झॉइल पेरॉक्साइडही दिले असेल, तर ते कोणत्या वेळी लावायचे ते विचारून घ्या. ट्रेटिनॉइनबरोबर एकाच वेळी ते सहसा लावत नाहीत. एक सकाळी, दुसरे रात्री.

उन्हाचे पथ्य

या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते, आणि उजेडात ट्रेटिनॉइनही निकामी होते. रात्री लावायचे ते यासाठीच. सकाळी चेहरा धुऊन एस.पी.एफ. ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन लावा. शेतात, बाजारात किंवा दुचाकीवर जाताना टोपी, पदर, ओढणी काही तरी असू द्या. उन्हाचे पथ्य पाळले नाही तर मुरूम जातात आणि काळे डाग मागे राहतात.

धीर किती धरायचा?

पहिल्या महिन्यात थोडी लाली, थोडी साल निघणे आणि कधी कधी मुरूम वाढल्यासारखे वाटणे हे घडतेच. बहुतेक लोक इथेच औषध सोडतात. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. थोडी जळजळ झाली तर दोन-तीन रात्री खाडा करा आणि पुन्हा सुरू करा. मात्र चेहरा किंवा पापण्या सुजल्या, पाणी सुटले, फोड आले, तर मलम बंद करून डॉक्टरांना दाखवा. इसब, जखम किंवा उन्हाने भाजलेल्या जागी हे मलम लावू नये.

दुसरी ट्यूब

त्या दिवशी आईने पिशवीतून आणखी एक ट्यूब काढली. "शेजारणीने दिली आहे. आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणे. साखरपुड्यापुरती लावू का?"

मी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली. त्यात ट्रेटिनॉइन होतेच, शिवाय हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोन नावाचे स्टेरॉइड. अशी मिश्र मलमे काळ्या डागांसाठी, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. आपल्याकडे ती गोरेपणाची क्रीम म्हणून घरोघर फिरतात. स्टेरॉइडने पहिले काही दिवस चेहरा नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि नवे मुरूम उठतात. बंद केले की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या स्टेरॉइड मलमांचा चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत समावेश केला, तो याच दुरुपयोगामुळे.

ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड समजा आणि चेहऱ्याला मनाने लावू नका. महिनोन्‌महिने लावत आला असाल तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्यानेच सोडा.

लग्न आणि गरोदरपण

हा प्रश्न विचारायला आम्ही डॉक्टर संकोचतो आणि मुली सांगायला लाजतात. पण तो विचारायलाच हवा. गरोदर स्त्रीने, किंवा दिवस राहावेत अशी इच्छा असलेल्या स्त्रीने, हे मलम लावू नये. त्वचेतून रक्तात ते फार थोडे जाते. त्यामुळे नकळत लावले गेले असेल तर घाबरून भलता निर्णय घेऊ नका. लावणे थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात चालणारी दुसरी औषधे आहेत.

आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांची गोष्ट मात्र फार गंभीर आहे. त्या याच कुळातल्या, पण पोटातून घ्यायच्या. त्या घेत असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंगे निर्माण होऊ शकतात. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिनाभर गर्भधारणा होऊ देऊ नये. तेवढाच काळ रक्तदानही करू नये. या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका.

मोठ्या गाठी, खड्डे पडणारे मुरूम, किंवा मुरमांबरोबर पाळी अनियमित असणे आणि चेहऱ्यावर केस येणे असे असेल, तर नुसत्या मलमावर विसंबू नका. तपासणी करून घ्या.

त्या मुलीची सारी मलमे मी आठ दिवस बंद ठेवली. फक्त सौम्य साबण आणि मॉइश्चरायझर. आईला स्पष्ट सांगितले, "साखरपुड्यापर्यंत लाली जाईल, मुरूम जाणार नाहीत. लग्नाला अजून पाच महिने आहेत ना? तेवढे पुरेत." शेजारणीची ट्यूब परत गेली. साखरपुड्याच्या फोटोत गालावर चार मुरूम दिसतात, असे मुलीनेच नंतर हसत सांगितले. आठवड्यातून दोन रात्री, हरभऱ्याएवढे, असे मलम पुन्हा सुरू केले होते. तिसऱ्या महिन्यात नवे मुरूम येणे जवळजवळ थांबले. लग्नाच्या आधी, तिच्याशी बोलून, मलमही बंद केले.

आता मी चिठ्ठीवर "हरभऱ्याच्या दाण्याएवढे, रात्री, पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोनदा" असे सविस्तर लिहितो. तुमच्या चिठ्ठीवर तसे नसेल, तर संकोच न करता डॉक्टरांकडून लिहून घ्या.