शाळेतला पोषण आहार : आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी शिजणारी खिचडी महाराष्ट्रात सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती कोणत्या कायद्याने मिळते, ताटात डाळ किती असायला हवी, जेवण मिळालेच नाही तर काय करायचे, हे मात्र फार थोड्या पालकांना ठाऊक असते. माहिती नसली की ऐकीव गोष्टींचे फावते. मग तांदूळ टाकून दिला जातो, तक्रार करायला लोक कचरतात आणि ज्यांच्या पोटात हे अन्न जायचे त्या मुलांचेच नुकसान होते.

देशातल्या सुमारे ११ लाख २० हजार शाळांमधल्या ११ कोटी ८० लाख मुलांसाठी आखलेल्या या योजनेला पूर्वी मध्यान्ह भोजन योजना म्हणत. सप्टेंबर २०२१पासून तिचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे झाले. गावात मात्र सगळे 'पोषण आहार' एवढेच म्हणतात. त्याबद्दल वारंवार कानावर येणारे आठ गैरसमज आणि त्यांमागची वस्तुस्थिती अशी :

गैरसमज १ : हे सरकारने दिलेले फुकटचे जेवण आहे. मिळेल ते घ्यावे, बोलू नये.

वस्तुस्थिती : हा मुलांचा कायदेशीर हक्क आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधल्या आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला सुट्ट्या वगळता रोज एक वेळचे मोफत जेवण मिळालेच पाहिजे. २०१५च्या नियमांनुसार धान्य संपले, इंधन नाही किंवा स्वयंपाकी आली नाही म्हणून जेवण दिले गेले नाही, तर त्याबदली धान्य आणि स्वयंपाकाचा खर्च मिळून अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळाले नाही, तर जबाबदारी कोणाची हे राज्याला निश्चित करावे लागते.

हा हक्क आपोआप मिळालेला नाही. मद्रास महापालिकेने १९२०च्या दशकात शाळेत जेवण देऊन पाहिले. पन्नासच्या दशकात मुख्यमंत्री कामराज यांनी ते राज्यभर नेले आणि १९८२मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्राची योजना सुरू झाली, पण बहुतेक राज्ये मुलांच्या हाती महिन्याला तीन किलो कोरडे धान्य देऊन मोकळी होत. २००१मध्ये एकीकडे राजस्थानात दुष्काळ होता आणि दुसरीकडे सरकारी गोदामे धान्याने भरलेली होती. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ला न्यायालयाने आदेश दिला : प्राथमिक शाळेतल्या मुलांना वर्षातले किमान २०० दिवस शिजवलेले अन्न द्या. गरम ताट मुलांपुढे आले ते या आदेशामुळे.

गैरसमज २ : हे फक्त गरिबांच्या मुलांसाठी आहे.

वस्तुस्थिती : या योजनेत दारिद्र्यरेषेची अट नाही. रेशनकार्ड कोणत्या रंगाचे आहे हे कोणी विचारायचे नाही. आधार कार्ड नाही म्हणून मुलांचे लाभ अडवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात सांगितले आहे. शाळेच्या पटावर नाव असणे आणि त्या दिवशी हजर असणे पुरेसे आहे.

सरसकट देण्यामागे विचार आहे. निवडक मुलांनाच ताट मिळाले असते, तर ताट हातात घेणे म्हणजे गरिबीची जाहीर कबुली ठरली असती. एका पंगतीत सगळ्यांनी बसण्याला आपल्या समाजात आणखीही अर्थ आहे. स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे न्यायालयाने २० एप्रिल २००४च्या आदेशात म्हटले. विशिष्ट जातीच्या बाईने रांधले म्हणून मुलाला ताटावरून उठवणारा पालक राज्यघटनेने बंद केलेली अस्पृश्यता पाळत असतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

गैरसमज ३ : रोज खिचडी खाऊन कसले आले पोषण?

वस्तुस्थिती : ताटात काय आणि किती असावे हे ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. म्हणजे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसभरात जेवढे उष्मांक लागतात, त्यांचा साधारण चौथा हिस्सा या एका जेवणातून यायला हवा. महाराष्ट्राच्या पाककृतींच्या यादीत मसालेभात, मटार पुलाव, सोयाबीन पुलाव, चवळीची खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेवगा घातलेले वरण आणि भात असे पदार्थ आहेत.

आहार कागदावर बरा असला तरी त्यात एक मोठी उणीव उरते. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी देण्याचे ठरवले होते. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि अंडा पुलाव, खीर, नाचणी सत्त्व हे लोकसहभागावर सोडण्यात आले. ज्या गावात दाते आहेत तिथे मुलांना अंडे मिळेल आणि ज्या पाड्यावर गरज सर्वाधिक आहे तिथे मिळणार नाही. शिवाय जेवणाचा खर्च पालकांकडून वसूल करता येत नाही, हे २००४च्या आदेशात स्पष्ट आहे. अंड्यासाठी वर्गणी सक्तीची करणे चूकच.

गैरसमज ४ : शाळेच्या तांदळात प्लास्टिकचा तांदूळ मिसळतात.

वस्तुस्थिती : या अफवेने सर्वाधिक अन्न वाया गेले असेल. गेल्या काही वर्षांत शाळांना आणि रेशन दुकानांना पोषणतत्त्वे मिसळलेला तांदूळ मिळू लागला. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, ते मळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे असा एक दाणा या प्रमाणात मिसळतात. एक किलोत हे दाणे साधारण दहा ग्रॅम भरतात.

हे दाणे पिठाचे असल्याने रंगाने आणि पोताने वेगळे दिसतात. पाण्यात टाकल्यावर काही तरंगतात, चावल्यावर पिठूळ लागतात. तेवढ्यावरून ते प्लास्टिक असल्याचा बोभाटा होतो. प्लास्टिक शिजत नाही. तापवले की वितळते आणि त्याला उग्र वास येतो. हे दाणे मात्र भाताबरोबर शिजून मऊ होतात. तांदूळ धुताना वर आलेले दाणे निवडून फेकणे म्हणजे लोह फेकणे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. भूक म्हणजे केवळ रिकामे पोट नव्हे. पोटभर भात खाणाऱ्या मुलाच्या रक्तातही लोह कमी असू शकते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलाच्या आहाराबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि तांदळात लोह घातले म्हणून डाळ, पालेभाजी, अंडे यांची गरज संपत नाही.

गैरसमज ५ : शाळेत जेवले की घरी कमी वाढतात. फायदा काही नाही.

वस्तुस्थिती : अर्थतज्ज्ञ फरझाना अफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या मुलांच्या आहाराचा अभ्यास केला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार शाळेतल्या ताटातून मिळालेल्या पोषणातला निम्मा ते संपूर्ण भाग मुलांच्या दिवसभराच्या आहारात खरोखर भर घालत होता. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांना २०१९च्या अभ्यासात दिसले, की पाच वर्षांपर्यंत जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण वर्षभरापेक्षा कमी काळ जेवण मिळालेल्यांहून १८ टक्क्यांनी आणि गणिताचे ९ टक्क्यांनी जास्त होते. आणखी दूरचा परिणाम २०२१च्या एका संशोधनात पुढे आला : ज्या मुलींना शाळेत जेवण मिळाले, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या बाळांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली वाढली. आज मुलीच्या ताटात पडलेली डाळ पुढच्या पिढीच्या हाडांत उतरते.

गैरसमज ६ : मास्तरांचा दिवस खिचडी शिजवण्यात जातो.

वस्तुस्थिती : शिकवण्यात अडथळा येईल असे काम शिक्षकांना देऊ नये, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. स्वयंपाक करतात त्या स्वयंपाकी तथा मदतनीस आणि बचत गटांच्या बायका. शहरांत अनेक ठिकाणी मध्यवर्ती स्वयंपाकघरातून जेवण येते. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन आणि पुढच्या प्रत्येक शंभराला आणखी एक मदतनीस असे प्रमाण आहे. हिशेब, साठा आणि रोजच्या हजेरीची माहिती भरण्याचा भार मुख्याध्यापकांवर पडतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे कारकुनी मदत देणे. जेवण बंद करणे हा उपाय नव्हे.

खरा अन्याय चुलीपाशी आहे. केंद्राने या बायकांचे मानधन डिसेंबर २००९मध्ये महिन्याला एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. तो आकडा केंद्राने आजवर वाढवलेला नाही. महाराष्ट्राने स्वतःची भर घालून तो अडीच हजारांवर नेला. सकाळी येऊन धान्य निवडण्यापासून दुपारी भांडी घासेपर्यंतच्या कामाला एवढा मोबदला फार अपुरा आहे.

गैरसमज ७ : विषबाधा होते, तेव्हा हे बंदच केलेले बरे.

वस्तुस्थिती : जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतले जेवण जेवून २३ मुलांचा मृत्यू झाला. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. हा निष्काळजीपणा होता आणि तो टाळता येण्यासारखा होता. वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी जेवण चाखून पाहायचे असते आणि अन्नाचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासण्याचीही तरतूद आहे. औषध-फवारणीचे साहित्य आणि शिधा एकाच खोलीत ठेवायचा नाही, तेल सीलबंद घ्यायचे, पाण्याची टाकी साफ ठेवायची, एवढी शिस्त पाळली तर बहुतेक धोका टळतो. जेवण बंद केल्याने मूल सुरक्षित होत नाही, उपाशी राहते.

गैरसमज ८ : सरकार यावर अफाट खर्च करते आणि शाळकरी मुलांची भूक आता मिटली आहे.

वस्तुस्थिती : १ मे २०२५पासून डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन मिळून पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोजचा दर ६ रुपये ७८ पैसे आहे, सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. धान्य केंद्राकडून वेगळे मिळते. उरलेला खर्च महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा उचलतात. बाजारात जाऊन सात रुपयांत काय येते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे.

या योजनेला कुंपणेही आहेत. आठवी संपली की हक्क संपतो, आणि वाढीच्या वयातल्या नववी-दहावीच्या मुली ताटाबाहेर जातात. विनाअनुदानित शाळांतली मुले यात नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत चूल बंद होते. दुष्काळी भागात सुट्टीतही जेवण द्यावे, असे न्यायालयाने २००४मध्येच सांगितले होते. दुष्काळ जाहीर झाला की मराठवाड्यातल्या पालकांनी त्याची आठवण करून दिली पाहिजे. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबांतली मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर फडावर जातात, तेव्हा शाळेबरोबर ताटही सुटते. गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले, तरच दोन्ही टिकतात.

यापुढे जाता येते, हे तमिळनाडूने दाखवले. सप्टेंबर २०२२मध्ये तिथे प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तो सर्व सरकारी प्राथमिक शाळांत पोहोचला. शाळेत नाश्ता द्यावा, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्येही लिहिलेले आहे. महाराष्ट्राला हे झेपणार नाही, असे म्हणण्याजोगे हे राज्य गरीब नाही.

पालकांनी काय करावे?

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची संख्या सर्वाधिक असते, तिच्या बैठकीला जा. आजचा पदार्थ फलकावर लिहिला आहे का, जेवण चाखल्याची नोंद झाली का, साठा नोंदवहीशी जुळतो का, हे विचारा. महिन्यातून एकदा मुलांच्या पंगतीत बसून तेच जेवण जेवा. जेवण सलग बंद राहिले तर मुख्याध्यापकांकडे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. स्वयंपाक करणाऱ्या ताईंचे मानधन थकले असेल, तर त्याच अर्जात तेही लिहा. मुलांना हा हक्क कायद्याने दिला आहे. तो रोज ताटात पडतो की नाही, हे पाहणे आपले काम आहे.