पिसण्याची न्याय्य रीत

संगणकाच्या एका कप्प्यात गीतांच्या अनेक फाइली असतात. त्यांची यादी सहसा नावांच्या अनुक्रमाने दिसते. हा क्रम मोडावयाचा असेल, तर लिनक्स प्रणालीत 'शफ' ही आज्ञा कळफलकावर टंकून तिला ती यादी सोपवितात. पत्ते पिसावेत तशी ती नावे पिसून देते. मूळ फाइली जागच्या जागीच राहतात.

परंतु पिसणे म्हणजे नुसता गोंधळ नव्हे. तीन गीते ६ क्रमांनी मांडता येतात. त्या सर्वांना सारखीच संधी हवी. प्रत्येक स्थानावरील गीताची तिन्हींपैकी कोणत्याही स्थानाशी अदलाबदल केली, तर ३ × ३ × ३ म्हणजे २७ वाटा होतात. २७ ला ६ ने निःशेष भाग जात नाही. म्हणून काही क्रम अधिक वेळा येतात. हा पक्षपात होय.

फिशर व येट्स यांनी १९३८ साली निर्दोष रीत प्रसिद्ध केली. १९६४ साली ड्युरस्टेनफेल्ड यांनी ती संगणकास सोयीची केली. चिठ्ठी काढावी तसे एक गीत उचलावे, बाजूस ठेवावे व पुढचे उरलेल्यांतूनच उचलावे. वाटा ३ × २ × १, म्हणजे बरोबर ६! प्रत्येक क्रमास एकच वाट.

सोडतीतील नावेही अशीच पिसली, तर मागच्यालाही पुढच्याइतकीच संधी लाभते.