मूळचा मुंबईकर मासा

प्रभादेवीतल्या एखाद्या घरात मत्स्यपेटी असली, तर तिच्यात बहुधा दक्षिण अमेरिकेतले गप्पी आणि एंजल असतात, थायलंडचा फायटर असतो, चीनमधून जगभर पसरलेले गोल्डफिश असतात. एक मासा सहसा नसतो, आणि नेमकं त्याचंच शास्त्रीय जन्मगाव मुंबई आहे. फ्रेंच मत्स्यशास्त्रज्ञ आशिल व्हॅलेन्सिएन्स याने १८४६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा नमुन्याचं ठिकाण म्हणून ‘बॉम्बे’ अशी नोंद केली. शास्त्रात त्याला अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस म्हणतात, हौशी पालक पॅन्चॅक्स म्हणतात. दुकानात ‘गोल्डन वंडर’ म्हणून मिळणारा सोनेरी मासा हा त्याचाच, अनेक पिढ्या निवडून पैदास केलेला प्रकार.

देशी मासे पाळण्यात नवल नाही; अमेरिकेत आपल्याच तळ्यांतले सनफिश घरी पाळून त्यांची पिल्लं वाढवणारे बरेच लोक आहेत. सनफिशचा नर शेपटीने तळाची वाळू उडवून खळगा करतो आणि मादीने त्यात अंडी घातली की एकटा राखण करत बसतो. या स्वभावाला जवळचा आपल्या देशातला मासा म्हणजे दक्षिणेकडच्या खाऱ्या-गोड्या पाण्यातला ऑरेंज क्रोमाइड. त्याचे नर-मादी दोघंही पिल्लं सांभाळतात आणि पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. पण मुंबईतल्या घरात, पहिल्यांदाच देशी मासा पाळणाऱ्याने पॅन्चॅक्सपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो जास्तीत जास्त दहा सेंटिमीटर वाढतो. डोकं वरून चपटं, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, पाठीचा पर पार मागे शेपटीजवळ. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहायचं आणि वर पडलेला कीटक झडप घालून पकडायचा, यासाठीच ही सगळी ठेवण. डोक्यावर एक चंदेरी ठिपका असतो, तो उजेडात आरशाच्या कवडशासारखा चमकतो. नराच्या अंगावर सोनेरी-हिरव्या खवल्यांच्या ओळी असतात. मादी फिकी, अंगावर काळपट उभे पट्टे जास्त आणि पाठीच्या पराच्या मुळाशी काळा डाग.

दोन फुटी पेटी, संथ चालणारा स्पंज फिल्टर, थोडी तरंगती वनस्पती आणि घट्ट झाकण एवढं पुरतं. झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो आणि फटीतूनही बाहेर पडतो. मुंबईच्या हवेत हीटर लागत नाही. मुंबईच्या नळाला येणारं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी त्याला मानवतं. फक्त नळाच्या पाण्यातला क्लोरिन अँटिक्लोरिनने काढून टाकावा. गप्पी किंवा निऑनसारखे छोटे मासे सोबत ठेवू नयेत, तो ते गिळतो.

पैदाशीची गंमत खरी अंड्यांत आहे. एका नरासोबत दोन-तीन माद्या ठेवाव्यात. गडद हिरव्या लोकरीचा झुपका बुचाला बांधून पाण्यात तरंगत सोडला की मादी त्यात रोज थोडी थोडी अंडी चिकटवते. अंडी जेमतेम दोन मिलिमीटरची, पण त्यांचं कवच इतकं टणक की बोटांनी अलगद सोडवून घेता येतात. ती पेटीतल्याच पाण्याने भरलेल्या उथळ डब्यात ठेवावीत, कारण पेटीतच राहिली तर निघणारी पिल्लं मोठ्यांच्या पोटात जातात. बुरशी धरून पांढरी पडलेली अंडी रोज काढून टाकावीत. काही दिवसांनी कवचातून गर्भाचे डोळे दिसू लागतात. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लू बाहेर येतं, आणि इथे या माशाचा शहाणपणा कळतो. बार्बसारखे मासे एका वेळी शेकडो अंडी उधळतात, ती एक-दोन दिवसांत फुटतात, पण पिल्लं इतकी बारीक असतात की त्यांना खायला काय द्यावं हाच प्रश्न पडतो. पॅन्चॅक्स मोजकी अंडी घालतो, प्रत्येकात भरपूर पोषण ठेवतो आणि वेळ घेतो. म्हणून त्याचं पिल्लू लवकरच ब्राइन श्रिम्पची ताजी पिलं पकडू लागतं. पुढे मोठी भावंडं लहानांना खाऊ लागतात, तेव्हा आकाराप्रमाणे वेगळी करावी लागतात.

हा मासा डासांच्या अळ्याही खातो, आणि याच शहरात त्याला मोठा अर्थ आहे. मुंबईतल्या हिवतापाची कारणं शोधणाऱ्या डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात त्याचं खापर शहरातल्या विहिरींत वाढणाऱ्या अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी डासावर फोडलं होतं. देशात डासांविरुद्ध बाहेरचे मासे आले, आधी गप्पी आणि १९२८ मध्ये गॅम्बुसिया. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींत गॅम्बुसियाची गणना होते. मात्र पॅन्चॅक्सला खाऊ म्हणून गॅलरीत अळ्या वाढवू नका. डेंग्यूच्या शहरात तो गुन्हाच आहे.

देशी माशांचा अभ्यास आणि मत्स्यपेटी यांचं नातं मुंबईत जुनं आहे. तारापोरवाला मत्स्यालयाचे अभिरक्षक राहिलेले बी. एफ. छापगर यांनी सहलेखक साने यांच्यासोबत १९९२ मध्ये पश्चिम घाटातल्या एका बार्बचं वर्णन केलं आणि मत्स्यविभागाचे सेटना यांचं नाव त्याला दिलं. तो मासा आज असुरक्षित गटात आहे. अशा माशांची घरी पैदास झाली, तर बाजारासाठी ओढ्यातून पकडण्याची गरज कमी होते.

मात्र बाहेरून आणलेला मासा मोकळ्या पाण्यात गेला की काय होतं, ते जपानने पाहिलं. १९६० मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी ब्लूगिल हा सनफिश भेट दिला. तो तिथल्या तळ्यांत पसरला, देशी मासे मागे पडले, आणि स्वतः मत्स्यअभ्यासक असलेल्या आणि तोवर सम्राट झालेल्या अकिहितो यांनी २००७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. तेव्हा पिल्लं जास्त झाली, तर दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. तळ्यात, नाल्यात किंवा गावच्या ओढ्यात सोडू नका, मासा देशी असला तरीही. दुकानातला निवडून वाढवलेला ‘गोल्डन वंडर’ आणि ओढ्यातला त्याचा रानटी भाऊ यांची सरमिसळ होता कामा नये. आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून मासे पकडून आणू नका, ते कायद्याने निषिद्ध आहे.