‘वन ट्री हिल’चे नावडते भाग
‘वन ट्री हिल’ ही अमेरिकी किशोरवयीन मालिका २००३ ते २०१२ दरम्यान नऊ पर्वांत, १८७ भागांत प्रसारित झाली. लुकास आणि नेथन या बास्केटबॉलपटू सावत्र भावांचे नाते हा तिचा प्राण. कथा या नात्यापासून भरकटली, ते भाग चाहत्यांना खटकतात. सहाव्या पर्वात या भावांचे वडील डॅन यांच्या प्रत्यारोपणासाठी आणलेले हृदय रुग्णालयात जमिनीवर पडते आणि कुत्रा ते खाऊन टाकतो. हा प्रसंग विशेष कुप्रसिद्ध ठरला. नेथनचा लहानगा मुलगा जेमी याच्या मागे लागलेल्या आया कॅरीचे कथानक थेट भयपटाकडे झुकले. याच पर्वाअखेर लुकास आणि त्याची पत्नी पेटन मालिकेतून बाहेर पडल्याने पुढच्या भागांत अनेकांना मूळ गाभाच हरवल्यासारखा वाटला.