तरफेच्या टोकाला नऊ बार

एस्प्रेसोची मोठी अडचण वाफेनेच करून ठेवली होती. लुइजी बेझेरा यांनी 1901 साली मिलानमध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात वाफेचाच दाब पाण्याला कॉफीतून रेटत असे. तो जेमतेम दीड बार. वाढवायचा तर पाणी आणखी तापवावं लागणार, कारण बंद भांड्यात दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. आपल्या कुकरमध्येही एक बार जादा दाब म्हणजे साधारण 120 अंश सेल्सिअस. डाळीला ते मानवतं, कॉफी करपट होते.

आकिले गाज्जा यांनी 1940 च्या दशकात ही गाठ सोडवली. तापवण्याचं काम बॉयलरकडे राहिलं आणि दाबाचं काम तरफेने चालणाऱ्या दट्ट्याकडे गेलं. कॉफीवर सोनेरी साय धरू लागली ती तेव्हापासून. भाजलेल्या बियांतला कार्बन डायऑक्साइड मोठ्या दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि कपात उतरताच बारीक बुडबुड्यांनी बाहेर येतो.

'ला पावोनी' कंपनीचं जुनं 'युरोपिकोला' यंत्र हेच तत्त्व ओट्यावर आणतं. त्यात पंप नाही. दांडा वर उचलला की पाणी दट्ट्याखाली शिरतं. काही सेकंद थांबून कॉफी भिजू द्यायची, मग दांडा खाली ओढायचा. दट्ट्याचा व्यास 5 सेंटिमीटर धरला, तर एस्प्रेसोला लागणाऱ्या नऊ बारसाठी त्यावर सुमारे 180 किलोंचा भार हवा. तरफेने तो दहापट हलका केला, तरी हाताला 18 किलो उरतातच.

मला या यंत्राचा खरा आनंद या ओढण्यातच वाटतो. दळण जाड असेल तर दांडा भसकन खाली येतो, फार बारीक असेल तर अडून बसतो; चव घेण्याआधीच मनगटाला कळतं. अर्क निघत जातो तशी कॉफीची वडी सैल पडते, तेव्हा हातही हळूहळू सैल करायचा. शेवटचा कडवटपणा मग कपात कमी उतरतो. ठरावीक दाबाच्या पंपाला हे जमत नाही.

बॉयलरमधलं पाणी मात्र शंभर अंशांच्या वरच असतं. ते कॉफीला मानवेल इतकं उतरतं, कारण वाटेतल्या, दट्ट्याच्या नळकांड्याचा जाड धातू त्याची उष्णता शोषून घेतो. दोन-तीन कपांनंतर तो धातूच इतका तापतो की कॉफी पुन्हा जळकी लागते. म्हणून पाहुणे जास्त असले की मी मध्येच यंत्र बंद करून त्या नळकांड्याभोवती ओला फडका गुंडाळतो.