मालवाहू ट्रकच्या गिअरबॉक्ससाठी योग्य तेलाची निवड

म्हैसूरहून केरळकडे जाणारा भाजीपाला राष्ट्रीय महामार्ग ७६६ वरून बंदीपूरच्या जंगलातून जातो. २००९ पासून तेथे रात्री ९ ते सकाळी ६ मालवाहतुकीस बंदी आहे. वाटेत गिअर अडल्यास नाशवंत माल रात्रभर खोळंबतो.

गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझर कड्या बहुधा पितळी असतात. जीएल-५ तेलात गंधक-स्फुरदयुक्त घटक जीएल-४ पेक्षा अधिक असतात. ते मागील आसाच्या हायपॉइड दात्यांचे रक्षण करतात. पितळेस मात्र अपायकारक ठरू शकतात. कड्या झिजल्या की गिअर खरखरत पडतो.

त्यामुळे मोठा क्रमांक म्हणजे सरस तेल, हा समज सोडावा. वाहनाच्या पुस्तिकेतील जीएल वर्ग आणि ८०डब्ल्यू-९० सारखी श्यानता श्रेणी, दोन्ही पडताळूनच तेल भरावे.