भोंगा ऐकणारे कान

तालुक्याच्या गावी मध्यरात्री रुग्णवाहिकेचा भोंगा वाजू लागला, की प्रथम कुत्री जागी होतात आणि मागोमाग माणसे. दारे उघडतात, ओट्यावर कोणीतरी येऊन उभे राहते आणि अंधारातच शेजाऱ्याला प्रश्न जातो, "कोणाकडे हो?" आवाज स्टँडावरून पेठेकडे वळला की सोनार आळीकडे, एवढ्यावरून निम्मा तर्क बांधला जातो. कोणाचे वडील आठवडाभर अंथरुणावर आहेत, कोणाच्या सुनेचे दिवस भरले आहेत, याची यादी प्रत्येकाच्या मनात तयारच असते. दहा मिनिटांत दोघे-तिघे चपला पायात सरकवून निघालेले असतात.

हाच आवाज मुंबईच्या द्रुतगती मार्गावर संध्याकाळी सात वाजता ऐकावा. तो मागून येतो, वाढतो आणि एका जागी खिळून राहतो. पुढची मोटार हलत नाही, कारण तिच्यापुढेही मोटारच आहे. बसच्या खिडकीशी बसलेला गृहस्थ मान वळवून पाहतो आणि पुन्हा हातातील भ्रमणध्वनीत डोके घालतो. कोणाकडे, हा प्रश्न त्याला पडत नाही. पडला तरी उत्तर देणारे तेथे कोणी नसते.

यावरून खेड्यात माणुसकी उरली आणि शहरातून ती नाहीशी झाली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह आपल्याकडे फार जुना आहे. प्रस्तुत लेखकाला तो पटत नाही. जो आवाज दिवसातून अनेकदा कानी पडतो आणि ज्याचा आपल्याशी काही संबंध निघत नाही, त्याला कान हळूहळू दाद देईनासा होतो, हा शरीराचाच धर्म आहे. त्यात दुतर्फा उंच इमारतींच्या भिंतींवर आदळून ध्वनी परत फिरतो, तेव्हा तो कोणत्या दिशेने येत आहे हे भल्याभल्यांना उमगत नाही. मोटारीच्या काचा वातानुकूलनासाठी बंद आणि आत गाणे चालू. चालकाला भोंग्याचा बोध होतो तो बहुधा रुग्णवाहिका अगदी पाठीशी येऊन ठेपल्यावर, आणि तोवर बाजूला होण्यास जागा उरलेली नसते.

शिवाय मुंबई पूर्वीपासून अशी बहिरी होती असे नाही. गिरणगावात पाळीच्या भोंग्यावर लाखो माणसांचे उठणे, जेवणे आणि निजणे चालत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि ते भोंगे थांबले, तेव्हा शांतताच कानाला टोचू लागली होती. त्याआधी डिसेंबर १९७१ च्या युद्धात, काळा कागद चिकटवलेल्या खिडक्यांआड, चढउतार करणारा भोंगा म्हणजे धोका आणि सलग एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला, हे चाळीतील लहान पोरेही जाणत. एवढे अवाढव्य शहर तेव्हा भोंगा ऐकत होते, कारण त्या आवाजाला एक ठरलेला अर्थ होता आणि तो अर्थ खरा निघेल असा विश्वास होता.

तो विश्वास घालविण्याचे काम आपण स्वतः केले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमाने अनेक सुरांचे कर्णे सरसकट निषिद्ध ठरविले आणि रुग्णवाहिका, अग्निशमन, बचाव व पोलिसांची वाहने अशा मोजक्यांनाच मुभा ठेवली. प्रत्यक्षात मात्र उद्घाटनाला निघालेल्या ताफ्यापुढेही तोच आक्रोश चालतो. १ मे २०१७ पासून मान्यवरांच्या मोटारींवरील लाल दिवे उतरले. आवाजाची हौस मात्र दिव्याबरोबर उतरली नाही. कोणा पुढाऱ्याची मोटार असेल, असे मानून दहा वेळा जो चालक स्वस्थ बसला, तो अकराव्या वेळीही तसाच बसतो, आणि त्या अकराव्या वाहनात श्वासासाठी धडपडणारा जीव असतो. वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. ती योग्यच आहे. पण विनाकारण वाट मागणाऱ्याचे काय, हा प्रश्न तितक्याच कठोरपणे विचारला गेला पाहिजे.

लहान गावाचे कौतुकही बेताने करावे. तेथे भोंगा ऐकून जमलेली गर्दीच पुष्कळदा रुग्णाला वारा लागू देत नाही. आग लागली तर बघे शंभर आणि नगरपालिकेचा बंब एक. तोही दुरुस्तीला गेलेला असल्यास शेजारच्या शहराकडे किंवा साखर कारखान्याकडे धाव घ्यायची. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ साली सुरू झाली, तत्पूर्वी रुग्ण जीपमध्ये किंवा टेम्पोत घालून न्यावा लागे. हा बदल मोठा आहे. तरीही ग्रामीण रुग्णालयात 'पुढे न्या' असे सांगितल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतचा लांब रस्ता उरतोच. शहरातील रुग्ण इस्पितळाच्या दारापासून दोन फर्लांगांवर अडकतो आणि गावातील रुग्णाला मोकळ्या रस्त्यावर अंतर पुरते गाठते. गावाला ऐकू येते, एवढ्याने तेथला जीव वाचतो असे नाही.

आणि हे ऐकू येणेही आता टिकेल का, याची शंका वाटते. तालुक्याची गावे झपाट्याने वाढत आहेत. वेशीबाहेर वसाहती झाल्या, तेथे शेजाऱ्याचे आडनाव ठाऊक नाही. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडण्यापूर्वी नदीकाठाला भोंग्याने सावध केले जाते. घाटावर धुणे धुणारी बाई किंवा पात्रात मोटार काढायला उतरलेला शेतकरी यांचे प्राण त्या आवाजावर अवलंबून असतात. त्याच गावात वरातीच्या गाडीवर आणि हौशी तरुणांच्या मोटारसायकलींवर रुग्णवाहिकेचा नक्कल केलेला आवाज वाजत असेल, तर काठावरचा मनुष्य वर येईलच असे कोणी सांगावे? ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, तेव्हा भोंग्याच्या दोन सुरांतील भेद ठाऊक असलेली माणसे साठीच्या पुढचीच असावीत. शाळांतून हा भेद शिकविण्यास एक तासही पुरे होईल.

दुसरी गोष्ट परिवहन कार्यालयांनी करण्याजोगी आहे. मागून भोंगा आला तर गोंधळून जागीच थांबू नये, डावीकडे सरकून मध्ये वाट मोकळी करावी, हे परवान्याच्या परीक्षेत तोंडी विचारण्याऐवजी रस्त्यावर करवून घ्यावे. तिसरी गोष्ट रुग्णवाहिकांच्या चालकांकडे आहे. रुग्ण पोहोचवून रिकामे परतताना काहीजण वाहतुकीतून सुटका म्हणून भोंगा चालू ठेवतात. दिवसभराच्या श्रमांनी शिणलेल्या त्या माणसाला दोष देणे जिवावर येते. पण परतीच्या वाटेवर भोंगा बंदच असला पाहिजे, आणि त्याची नोंद त्याच्या मालकांनी ठेवली पाहिजे.